विहीर आमची, पाणी कुणाचे?



गेल्या महिन्यात आपल्या युवक-युवतींनी घरोघरी पाण्याचा अर्ज नेला होता. घरात माणसे किती, पाणी नळाचे, विहिरीचे की टँकरचे, दिवसाला किती लागते, सांडपाणी कुठे जाते, असे साधे प्रश्न. भरून आलेले अर्ज आम्ही दोन रात्री बसून वाचले. टँकर घेणाऱ्या घरांनी हिशेब चोख दिला आहे, अगदी तांदूळ धुतलेले पाणी अळूला जाते इथपर्यंत. विहीर आणि मोटर असलेल्या पुष्कळ घरांनी मात्र ‘दिवसाला किती’ ही जागा कोरी सोडली. एका काकांनी तर मुलांना दारातच विचारले, “विहीर आमची, लाईटबिल आमचे, मग मोजायचे कशाला?”

रागाने विचारला असला तरी प्रश्न चांगला आहे. कायदाही बराचसा काकांच्या बाजूने आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने जमीनमालकाला आपल्या जमिनीखालचे पाणी काढण्याची मुभा दिली. महाराष्ट्राने भूजलाचा वेगळा कायदा करून तिला लगाम घातला, पण ‘माझी जमीन, माझे पाणी’ ही समजूत काही गेली नाही.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचा एक भेद आम्ही परीक्षेपुरता पाठ केला होता. वस्तू मिळवणे आणि सांभाळणे हा माणसाचा खाजगी अधिकार असू शकतो, पण वापरताना ती सर्वांची आहे असे धरावे आणि गरजूला द्यायला तयार असावे. पाण्याच्या बाबतीत हे नुसते दयाधर्माचे बोलणे नाही. आपल्या वसईच्या किनारपट्टीत जमिनीखालचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. ढोबळ हिशेब असा, की गोड्या पाण्याची पातळी एक फूट खाली गेली तर खालचे खारे पाणी कालांतराने सुमारे चाळीस फूट वर सरकू शकते. वर वाडीला कुंपण असते, खाली नसते. आम्ही उपसतो, आणि खारट होते ती कदाचित शेजाऱ्याची विहीर. रहाट होता तेव्हा बैल थकत, म्हणून विहिरीलाही विसावा मिळे. पावसाचे पाणी बावखलांत साठून जमिनीत मुरे. आता किती बावखले बुजली, आणि मोटर तर थकतच नाही.

मोजणे म्हणजे कुणाला लाज आणणे नव्हे. अंथरुणाला खिळलेले आजारी माणूस असलेल्या घरी पाणी जास्त लागणारच, तिथे काटकसर कुणी सांगू नये.

आणि एक कबुली. सर्वांत शेवटी आलेला अर्ज आमच्याच बंगल्याचा होता, तोही कोरा. मग मोजले. आम्ही दोघे फादर आणि स्वयंपाकाच्या बाई, रोज हजार लिटरची टाकी रिकामी होते. माणशी तीनशे लिटरच्या वर! शहरांसाठी सरकारी मापदंड माणशी १३५ लिटरचा आहे. बरेचसे पाणी हिरवळीला जाते, आणि ती हिरवळ आम्हीच हौसेने लावून घेतली आहे.

ज्यांची जागा कोरी राहिली त्यांनी टाकी किती लिटरची आणि दिवसातून किती वेळा भरते एवढेच लिहून पुढच्या रविवारी मिस्सानंतर युवकांकडे द्यावे. काकांकडे आम्ही स्वतः जाणार आहोत, आमचा भरलेला अर्ज घेऊन.