अकरा मिनिटं

परभणीकडच्या एका खेड्यातून पुण्याला इंजिनिअरिंग शिकायला आलेली एक मुलगी गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे मुलाखतीच्या सरावाला यायची. फ्रेशर मुलांच्या मुलाखती मी बरीच वर्षं घेतल्या. आता रविवारी अशा मुलांची तयारी करून घेतो. पहिल्या दिवशी तिला नेहमीचा प्रश्न घातला: आकड्यांची एक यादी आहे, त्यातल्या कोणत्या दोन आकड्यांची बेरीज अमुक इतकी होते ते शोधून दाखव. तिने मान हलवली, फळ्याकडे वळली आणि गप्प झाली. अकरा मिनिटं. मग न अडखळता पूर्ण प्रोग्रॅम लिहून काढला. एकही चूक नव्हती.

खऱ्या मुलाखतीत मात्र मला तिच्या नावापुढे बहुधा नकार लिहावा लागला असता.

असं का, हे तिला सांगणं मला भाग होतं. गूगलमध्ये वर्षानुवर्षं चालत आलेली पद्धत घ्या. साधारण ४५ मिनिटांच्या प्रत्येक फेरीनंतर मुलाखत घेणारा लेखी अहवाल देतो, आणि उमेदवाराला कधीही न भेटलेली समिती ते सगळे अहवाल वाचून मत ठरवते. एकाच माणसाच्या आवडीनिवडीवर कुणाची नोकरी अवलंबून राहू नये, हा त्यामागचा हेतू मला मनापासून पटतो. पण अहवालात उतरतं ते फक्त बोललेलं. तिच्या डोक्यात अकरा मिनिटं जे चाललं होतं, त्यातलं एक अक्षरही माझ्या टिपणात नव्हतं. शिवाय इतक्या शांततेनंतर तयार उत्तर बाहेर आलं, की ते पाठ केलेलं असावं अशी शंका येतेच.

एके काळी अशा मुलाखतींत कोडी घालत. गटाराचं झाकण गोल का असतं, वगैरे. असल्या प्रश्नांतून काहीच कळत नाही, अशी कबुली गूगलचे तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लास्लो बॉक यांनी २०१३ मध्ये उघडपणे दिली. कोडी गेली, फळ्यावरचा कोड राहिला. त्याच्या तयारीचा केवढा पसारा झालाय! गेल लाकमन मॅकडॉवेल यांच्या गाजलेल्या पुस्तकाच्या सहाव्या आवृत्तीत १८९ प्रश्न आहेत, आणि आमची मुलं लीटकोड या सरावाच्या संकेतस्थळावर रोज रात्री दोन-तीन तरी सोडवतात. गणितं सोडवून घेणारे क्लास गल्लोगल्ली आहेत. सोडवताना बोलायचं कसं, हे मात्र फारसं कुणी शिकवत नाही.

२०२० मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाच्या आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी ४८ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींनी परीक्षकासमोर, मोठ्याने विचार मांडत प्रश्न सोडवला. बाकीच्यांनी तोच प्रश्न एका खोलीत एकट्याने. समोर माणूस असताना कामगिरी जवळपास निम्म्यावर आली. परीक्षकासमोर बसलेल्या मुलींपैकी एकही उत्तीर्ण झाली नाही. एकट्याने सोडवणाऱ्या सगळ्या झाल्या. मुलींची संख्या थोडी होती, त्यामुळे त्यावरून ठाम निष्कर्ष काढू नये, असं संशोधकांनीच बजावलं आहे. तरी तो निकाल वाचल्यापासून माझ्या जुन्या अहवालांमधले कितीतरी नकार मला टोचत आहेत. मी बुद्धी मोजत होतो की धीटपणा?

आपल्याकडे तर गप्प राहणं हा संस्कार आहे. उत्तर पक्कं आलं तरच हात वर करायचा, मोठ्यांसमोर अर्धवट बोलायचं नाही. शाळेत ज्या वागण्याला शाबासकी मिळाली, त्याच वागण्याला या मुलाखतीत गुण कापले जातात, आणि हा नियम बदललाय हे त्या मुलांना कुणी सांगितलेलंच नसतं. त्यात विचार मराठीत आणि बोलणं इंग्रजीत. पुण्या-मुंबईच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मुलाला हा दुहेरी भार नसतो. हा अन्याय आहे, आणि तो कमी करण्याची पहिली जबाबदारी मुलाखत घेणाऱ्याची आहे, असं मी आता मानतो. उमेदवार गप्प झाला, तर घड्याळाकडे न पाहता विचारावं: आत्ता मनात काय आहे?

त्या दिवशी, उत्तर लिहून झाल्यावर, मी तिला तेच विचारलं. वर म्हटलं, "अगं, मराठीत सांग."

"सर, आधी वाटलं प्रत्येकाची प्रत्येकाशी जोडी लावून बघावी," ती म्हणाली. "पण लाखभर आकडे असले तर पाचशे कोटी जोड्या होतील. मग सुचलं, आमच्या दुकानात उधारीची वही असते, तसं करावं. एकेक आकडा घ्यायचा, त्याला किती कमी पडतात ते काढायचं, आणि तेवढा आकडा आधी येऊन गेलाय का ते वहीत बघायचं. नसला तर हा आकडा वहीत लिहून पुढे जायचं. यादी एकदाच वाचावी लागते."

पुस्तकात याला हॅश टेबल म्हणतात. इतकं स्वच्छ स्पष्टीकरण मी फार थोड्या उमेदवारांकडून ऐकलं आहे.

"पण सर, तिथे असं मराठीत बोललेलं चालेल?"

नाही म्हणताना मला जड गेलं. त्या दुपारी आम्ही नवा प्रश्न घेतलाच नाही. तोच प्रश्न तिने पुन्हा एकदा मराठीत सांगितला, मग अर्धा इंग्रजीत, मग मोडक्या का होईना, पूर्ण इंग्रजीत. चौथ्या वेळी फळ्याकडे वळण्याआधीच तिने बोलायला सुरुवात केली होती.