काटा आणि वाटा

जुन्नरचा आठवडे बाजार रविवारी, नारायणगावचा शनिवारी, ओतूरचा गुरुवारी, बेल्ह्याचा सोमवारी. या बाजारांत आज साठी-सत्तरीच्या बायका भेटल्या, की भाजीच्या भावावरून गाडी हमखास सासूवर येते. इकडे सासूला ‘आत्या’ म्हणतात. आणि बाजारातल्या आत्येच्या आठवणी सांगताना या बायका पदर तोंडाला लावून हसतात.

आत्या पायरीशी दिसली, की वाणी आधी तागडी पुसायला घ्यायचा. तिला रिकामी पारडी समोर धरून दाखवावी लागत. तीळ ती तळहातावर चोळून बघे, शेंगदाणा दाताखाली फोडे, खोबऱ्याची वाटी नाकाशी नेई. मासवडीच्या सारणात खवट खोबऱ्याचा एक तुकडा गेला तरी सगळा घाणा वाया, हे तिला पक्कं ठाऊक. तयार बेसनावर तिचा विश्वास नव्हता. हरभरा डाळ निवडून, गिरणीत स्वतः उभं राहून ती दळून आणायची, आपल्या आधी कुणाचं काय दळलं याची चौकशी करूनच. पिशवी धरून मागे उभी असलेली नवी सून लाजेनं अर्धी व्हायची.

देशात 1957 साली नवे पैसे आले आणि 1962पर्यंत किलोग्रॅमचं वजन सक्तीचं झालं. आत्येचा हिशेब मात्र पुढेही कितीतरी वर्षं शेर, पायली आणि आण्यातच चाले. तरी तिला फसवणं कुणाला जमलं नाही.

हाच खमकेपणा घरी सुनेच्या वाट्यालाही आला. पैशाचा बटवा वर्षानुवर्षं आत्येच्याच कमरेला राहिला आणि सुनेला बांगड्यांसाठीही हात पसरावा लागला. आठवणी गोड झाल्या म्हणून हे विसरायचं कारण नाही.

पण बाजाराच्या दुसऱ्या टोकाला हीच बाई बदलायची. आषाढ-श्रावणात पश्चिमेच्या डोंगरातून आदिवासी बायका कुर्डू, भारंगी, चाईचा मोहर घेऊन येतात आणि जमिनीवर फडकं अंथरून वाटे मांडतात. तिथे आत्या भाव पाडत नसे. सांगितले तेवढे पैसे द्यायची, वर पाणी प्यायलीस का म्हणून विचारायची.

याचं कारण घरातच होतं. ती स्वतः शेतकऱ्याची बायको. जुन्नर-आंबेगावचं घर एका हातानं विकतं आणि दुसऱ्या हातानं घेतं. सातगाव पठारचा बटाटा मंचरच्या बाजारात जातो, टोमॅटो नारायणगावला. 2023च्या जुलैत तिथे 20 किलोच्या क्रेटला दोन हजारांवर भाव मिळाला आणि त्याची बातमी देशभर झाली. ज्या वर्षी तोडणीची मजुरी आणि गाडीभाडंही सुटत नाही, त्या वर्षी तोच माल रस्त्याकडेला ओतावा लागतो. दुसऱ्यानं भाव पाडला की घरात काय होतं, हे तिनं भोगलेलं होतं. म्हणून काट्यावर संशय घेणारी ही बाई कष्टावर संशय घेत नव्हती.

आपण आज नेमकं उलटं वागतो. पाकिटावर छापलेली किंमत ही कमाल किंमत असते, त्याहून कमीत विकायला दुकानदाराला कायद्यानं कुठलीच आडकाठी नाही. तरी तिथे आपण चकार शब्द काढत नाही. मेथीच्या जुडीसाठी मात्र पाच रुपयांवर अडून बसतो. 2009चा वैधमापन कायदा हातात असताना वजन-काट्यावर सरकारी शिक्का आहे का, हे कितीजण बघतात?

येत्या बाजाराला दुकानात गेलात, तर काटा शून्यावर आहे ना, हे आधी बघा, बिल मागा, माल पटला नाही तर बिनदिक्कत परत करा. आणि फडकं अंथरून बसलेल्या बाईनं वाट्याचे सांगितलेले पैसे पूर्ण द्या.