संध्याकाळची टाकी

बारामती, धुळे, गोंदिया इथल्या धावपट्ट्यांवर मुलं विमान चालवायला शिकतात. तशाच एका, पण कल्पनेतल्या शाळेची ही गोष्ट.

शाळा आधी एका क्लबची होती, मग ट्रस्टची झाली आणि एका जूनमध्ये एका कंपनीने चालवायला घेतली. नवे व्यवस्थापक हुशार होते, कष्टाळूही. व्यावसायिक परवान्याला २०० तासांचं उड्डाण लागतं. मुलं कर्ज काढून आलेली. शिक्षण रखडलं की घरच्यांना हप्ते जड जातात. साहेबांची घाई खोटी नव्हती.

त्यांनी खर्च तपासला. शेवटचं विमान उतरल्यावर टँकरवाला रोज तासभर जास्त थांबून सगळ्या टाक्या काठोकाठ भरायचा आणि ओव्हरटाइम घ्यायचा. "सकाळी लागेल तेवढंच भरा," म्हणत साहेबांनी ती पद्धत बंद केली. हँगरमधल्या म्हाताऱ्या मेकॅनिककाकांना कुणी विचारलं नाही, आणि तेही गप्प राहिले. नव्या मालकाला जुन्या माणसाचा सल्ला बहुधा कुरकुरच वाटतो.

ऑगस्टमध्ये रात्रभर झड लागलेली. सकाळी जरा उघडीप मिळाली तेव्हा एक कॅडेट सोलो उड्डाणाआधी सेसनाची पाहणी करत होती. पंखाखालच्या झडपेतून तिने छोट्या पारदर्शक भांड्यात इंधन काढलं आणि उजेडात धरलं. निळसर एव्हगॅसच्या तळाशी बिनरंगी पाण्याचा थेंब बसला होता. पाणी जड, ते तळाला जातं. इंजिनाकडे इंधनही तळातूनच जातं. तिने पुन्हा काढलं. पुन्हा थेंब. चांगल्या हवेसाठी आठवडाभर वाट पाहिलेल्या त्या मुलीने उड्डाण स्वतःहून थांबवलं.

साहेब धावत आले. "पावसाचं पाणी आत गेलं?"

"झाकणं घट्ट आहेत, साहेब," काका म्हणाले. "पण अर्धी टाकी रिकामी म्हणजे आत अर्धी हवा. रात्री गारवा आला की त्या हवेतली वाफ टाकीला आतून धरते आणि पाणी होऊन खाली उतरते. म्हणून तर संध्याकाळी भरायचो."

"मग हे कुठे लिहिलेलं का नाही?"

"होतं की. क्लबच्या रजिस्टरात. ऑफिसला रंग दिला तेव्हा ते कपाट रद्दीत गेलं."

साहेबांनी त्यांच्यावर आवाज चढवला नाही, हे त्यांचं मोठेपण. त्याच संध्याकाळी टँकर पुन्हा फिरला. मग ते काकांसमोर वही घेऊन बसले आणि एकेक पद्धत, तिच्यापुढे तिचं कारण, असं लिहून काढलं. दोन पद्धतींना काही केल्या कारण सापडेना. त्या काकांच्या संमतीनेच बंद झाल्या.

काही वर्षांनी करार संपला आणि शाळा पुन्हा दुसऱ्यांच्या हाती गेली. ताब्याच्या यादीत विमानांच्या लॉगबुकांखाली त्या वहीचीही नोंद होती. नव्या व्यवस्थापकांनी ती वाचायला एक दिवस मागून घेतला आणि मगच सही केली.