शून्य तक्रारींचा अभिमान

‘वर्षभरात लैंगिक छळाची एकही तक्रार आली नाही,’ हे वाक्य अनेक कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत मोठ्या समाधानाने छापलेले असते. शून्य म्हणजे समता, असा त्याचा अर्थ लावला जातो. मला तो धोकादायक वाटतो. बोलले तर कोणी ऐकेल असा भरवसाच जिथे नसतो, तिथेही आकडा शून्यच येतो.

नोकरीतल्या भेदभावाविरुद्धचा लढा आधी लेखी नियमांशी होता. लग्न होताच बाईची नोकरी संपवणारा मुंबईतल्या एका औषध कंपनीचा नियम सर्वोच्च न्यायालयाने 1965 मध्ये अमान्य केला. 1981 मध्ये एअर इंडियाच्या हवाई सुंदरींना पहिल्या गरोदरपणातच घरी बसवणारा नियम गेला. 1987 मध्ये मॅकिनन मॅकेन्झी कंपनीच्या खटल्यात महिला स्टेनोग्राफरांना पुरुषांपेक्षा कमी पगार देणे बेकायदा ठरले. तिन्ही ठिकाणी अन्याय कागदावर होता, त्यावर बोट ठेवता येत होते.

कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविषयीच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1997 च्या विशाखा निकालाने अन्यायाची व्याप्तीच बदलली, आणि नेमका हाच निकाल आपण चुकीचा वाचतो. त्याने तक्रारीसाठी समिती दिली, एवढेच आपल्याला आठवते. त्यामागची भंवरीदेवी राजस्थान सरकारच्या महिला विकास कार्यक्रमातली ‘साथिन’ होती. बालविवाह रोखणे हे तिचे काम, आणि त्या कामामुळेच 1992 मध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. बलात्कार आधीही गुन्हाच होता. त्यासाठी नव्या निकालाची गरज नव्हती. न्या. वर्मा, न्या. सुजाता मनोहर आणि न्या. कृपाल यांच्या खंडपीठाने वेगळीच गोष्ट सांगितली: कामाच्या जागी होणारा छळ म्हणजे समतेचा, सन्मानाने जगण्याचा आणि व्यवसाय करण्याचा हक्क हिरावणे. मग प्रश्न दोन व्यक्तींच्या भांडणाचा उरत नाही. कामाची जागा सुरक्षित ठेवणे हे मालकाचे कर्तव्य ठरते, आणि ते तक्रार येण्याच्या कितीतरी आधी सुरू होते. निकालातल्या मार्गदर्शक तत्त्वांत प्रतिबंधाची जबाबदारी पहिली आहे. समिती त्यानंतर येते.

कामाच्या जागी होणारा लैंगिक छळ रोखण्याच्या 2013 च्या कायद्यात हीच शिस्त आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती हवी, तिच्यात निम्म्या तरी स्त्रिया आणि एक बाहेरचा सदस्य हवा. चौकशी नव्वद दिवसांत पुरी व्हावी. दरम्यान तक्रारदार स्त्रीने मागितल्यास बदली किंवा रजेची शिफारस समिती करू शकते. समझोताही तिनेच मागितला तरच, आणि पैशांवर मुळीच नाही. तक्रार सिद्ध झाली नाही, एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही.

आरोपी पुरुषालाही न्याय्य चौकशीचा हक्क आहे. गोवा विद्यापीठात विद्यार्थिनींनी 2009 मध्ये एका प्राध्यापकाविरुद्ध तक्रारी केल्या. समितीने चौकशी घाईने उरकली, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये त्या प्राध्यापकाची बडतर्फी रद्द करून प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवले. घाईचा फटका तक्रार करणाऱ्या मुलींनाही तितकाच बसला.

म्हणून मालकांना माझे सांगणे आहे: अहवालात शून्य छापण्यापूर्वी समितीच्या सदस्यांची नावे तुमच्या शेवटच्या कंत्राटी कामगार बाईला माहीत आहेत का, ते तिलाच विचारा. तिला ती माहीत नसतील, तर त्या शून्यावर समतेचा दावा करू नका.