फाटक जसे होते तसे

वेल्सच्या ईशान्य भागात डी नदीकाठी लँगॉलेन नावाचे गाव आहे. गावाच्या डोक्यावरच्या टेकडीवर दिनास ब्रान या मध्ययुगीन किल्ल्याचे अवशेष आहेत. पोविस व्हादोगचा अधिपती ग्रिफिद आप मादोग याने बहुधा १२६० च्या दशकात तो बांधला. १२७७ मध्ये इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याची फौज चालून येत असताना आतल्या शिबंदीनेच तो पेटवून दिला. पुढे हा मुलूख मिळालेल्या जॉन डी वॉरेन या सरदाराने होल्ट येथे नवा किल्ला उभारला, आणि दिनास ब्रान ओस पडला. आज तिथे काही पडक्या भिंती आणि खडकात खोदलेला खंदक उरला आहे.

नीतीच्या दृष्टीने या किल्ल्याइतकीच मोलाची आहे ती तिथवर जाणारी वाट. गावातला कालवा ओलांडला की ती मेंढ्यांच्या कुरणांतून चढू लागते. इंग्लंड-वेल्समध्ये अशा हजारो पायवाटा खासगी जमिनीतून जातात. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीने त्यांवर लोकांचा हक्क झाला आणि १९४९ च्या कायद्याने त्यांची अधिकृत नकाशांवर नोंद करण्याचे काम काउंटी कौन्सिलांकडे आले. जमीनमालकाला ही वाट अडवता येत नाही. उलट वाटेवरचे फाटक सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी त्याचीच असते. स्थानिक प्रशासनाकडून त्याला खर्चाचा किमान चौथा हिस्सा मागता येतो. म्हणजे भटक्याचा हक्क शेतकऱ्याच्या कष्टांवर आणि पदरमोडीवरही उभा आहे. हे ऋण फेडण्याची संधी भटक्याला प्रत्येक फाटकापाशी मिळते.

तिथला शिरस्ता असा, की फाटक जसे सापडले तसेच ठेवायचे. लावलेले असेल तर पुन्हा लावायचे. ते उघडे राहिले तर मेंढ्या रस्त्यावर जातात, शेजारच्या कळपात मिसळतात. पण उघडे सापडलेले फाटक मात्र उघडेच ठेवायचे, ही गोष्ट सद्हेतूने वागणाऱ्यालाही सहज सुचत नाही. शेतकऱ्याने ते मुद्दाम उघडे ठेवलेले असू शकते, कारण जनावरांचे पाणी पलीकडच्या कुरणात असते. ते लावणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असला, तरी मेंढ्या तहानेल्या राहतात. दुसऱ्याच्या जमिनीतून जाताना आपल्या चांगुलपणापेक्षा त्याच्या कामाची रीत मोठी मानावी लागते.

सह्याद्रीतल्या गडांकडे जाणाऱ्या कितीतरी वाटाही कुणाच्या तरी शेताच्या बांधावरून जातात. तिथल्या काट्याच्या झापेला हात लावताना वाचकांनी हा शिरस्ता जरूर पाळावा.