ओटीचे घर

आमच्या वसईतील घराला शेजारीपाजारी पूर्वी ‘ओटीचे घर’ म्हणत. ही ओटी देवळात भरतात ती नव्हे. कारखान्यातल्या माणसांच्या बोलीत ओव्हरटाइमला ओटी म्हणतात. माझे वडील मुंबईच्या एका कारखान्यात फिटर होते. कौले उतरवून स्लॅब टाकायचे ठरले, तेव्हा जवळजवळ दोन वर्षे त्यांनी बहुतेक रविवार कारखान्यात काढले, कारण त्या दिवशीच्या कामाला ‘डबल’ मिळे. आजीला हे मुळीच पटत नसे. प्रभूचा दिवस विकून बांधलेल्या घरात सुख कसे नांदेल, असे ती भर अंगणात बोलून दाखवी. वडील उत्तर देत नसत. त्यांना पहाटेची गाडी पकडायची असे.

त्याच स्लॅबखाली बसून मी हे लिहीत आहे. म्हणून आजीचे बोलणे खरे की वडिलांचे मौन, हा प्रश्न मला केवळ पुस्तकी वाटत नाही.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली व त्यापलीकडच्या कामाला दुप्पट वेतन ठरवले. या दुपटीकडे दोन प्रकारे पाहता येते. ती मालकाला झालेला दंड आहे, असे मानले तर जादा तास हा अपवाद ठरतो आणि मालक तो शक्यतो टाळतो. ती विश्रांतीची किंमत आहे, असे मानले तर मात्र प्रश्नच मिटतो. पैसे मोजले, माल घेतला. दंड भरणाऱ्याच्या मनात निदान थोडी खंत असते. गिऱ्हाइकाला खंत कशाची?

हे तास कुणी सहजासहजी दिलेले नाहीत. १८८१ च्या पहिल्या कारखाने कायद्यात मोठ्या माणसांच्या तासांबद्दल अवाक्षर नव्हते. कापड गिरण्यांतील पुरुषांना बारा तासांची मर्यादा मिळाली ती १९११ मध्ये. पुढे १९२२ ला आठवड्याचे साठ तास, १९३४ ला चोपन्न, १९४६ ला अठ्ठेचाळीस. रविवारची सुटी मात्र त्याआधीची. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून तिच्यासाठी गिरणी कामगारांना संघटित केले, १८९० च्या एप्रिलात मुंबईत कामगारांची प्रचंड सभा भरली, तीत दोन स्त्रियाही बोलल्या, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी मागणी मान्य केली. पोप तेरावे लिओ यांचे ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक निघाले १५ मे १८९१ रोजी. आपल्या धर्मग्रामांत या परिपत्रकाचा गौरव होतो, तो योग्यच आहे. परंतु आपण ज्या सुटीच्या दिवशी निवांतपणे मिस्सेला जातो, ती मुंबईच्या गिरणगावाने वर्षभर आधी मिळवली होती, हेही एखाद्या प्रवचनात ऐकायला मला आवडेल.

अलीकडे वारे उलटे वाहत आहेत. एप्रिल २०२० मध्ये, महामारीचे निमित्त सांगून, गुजरात सरकारने कारखान्यांना बारा तासांची मुभा दिली आणि जादा तासांची दुप्पटही काढून घेतली. सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी ते आदेश रद्द केले. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तासांवर नेण्याचा निर्णय घेतला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशभर लागू झालेल्या कामगार संहितेत दुप्पट वेतन कायम आहे, आणि जादा कामासाठी कामगाराची संमती हवी, असेही म्हटले आहे.

माझे विचार या ‘संमती’ शब्दापाशी अडतात. वडिलांची संमती होती, पूर्ण होती. कुणी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. रविवारच्या कामाच्या यादीत आपले नाव यावे म्हणून तेच मुकादमाला विनवीत. पण सहा दिवसांच्या पगारात गळके छप्पर बदलता आले असते, तर त्यांनी ती विनवणी केली असती काय? गरज ज्याच्या पाठीशी उभी असते, त्याचा होकार खोटा नसतो. तो अर्धाच असतो, इतकेच. आजीने दोष दिला तो त्या अर्ध्या माणसाला. उरलेल्या अर्ध्याचा हिशेब तिने कुणाकडेच मागितला नाही.

अनुवाद ग्रंथाच्या पाचव्या अध्यायातील शब्बाथाची आज्ञा या दृष्टीने पुन्हा वाचून पाहावी. ती घरधन्याला उद्देशून आहे. त्याने स्वतः थांबावयाचे आहेच. पण त्याचा दास, दासी, बैल, गाढव, वेशीच्या आत राहणारा परका, या सर्वांनाही त्याच्यासारखाच विसावा मिळावयाचा आहे. कारणही दिले आहे, तूही मिसर देशात दास होतास. विश्रांती पाळण्याचा भार असा काम घेणाऱ्यावर टाकला आहे. आम्ही मात्र लहानपणापासून ही आज्ञा ‘मी मिस्सा चुकवली काय’ एवढ्यापुरतीच तपासत आलो.

आता जे सांगायचे आहे ते सांगताना संकोच वाटतो. आमच्या घरी धुण्याभांड्यांना एक बाई येते. ‘घर’ ही कायद्याच्या दृष्टीने आस्थापना नसल्याने तासांचे, ओव्हरटाइमचे किंवा पगारी सुटीचे हे नियम तिच्यापर्यंत पोहोचत नाहीत. २००८ मध्ये महाराष्ट्राने घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला. त्यात कल्याणाच्या योजना आहेत, रविवार नाही. सात वर्षे ती रविवारीही येत होती. आम्ही मिस्सेहून परतेपर्यंत तिची भांडी झालेली असत.

गेल्या उपवासकाळात पत्नीने तिला सांगितले, “बाय, यापुढे रविवारी येऊ नकोस.”

तिचा चेहरा उतरला. “खाडा धरणार काय?”

“नाही. पगार पुराच मिळेल.”

त्या रविवारी आम्हां दोघांनाही उगाचच हलके वाटले. तीन-चार आठवड्यांनी कळले की, रविवारची ती वेळ तिने पलीकडच्या इमारतीतल्या एका घराला दिली आहे. पावसाळ्याआधी तिला घरावरचे पत्रे बदलायचे होते.

पत्नी म्हणाली, “तुम्ही तिच्याशी बोला.” मी बोललो नाही. रात्री वही काढली आणि आम्ही तिला देतो त्या पगाराला तासांनी भागून पाहिले.