लांब पट्टी आणि कारण

संगणकाचे बटण दाबल्यापासून तो कामाला तयार होईपर्यंत जो वेळ जातो, तो कुणामुळे जातो? हा प्रश्न तंत्रज्ञांचा आहे आणि त्याचे उत्तर शोधणारी साधनेही त्यांनीच घडवली आहेत. पण त्या साधनांनी काढलेले आलेख नीट पाहू लागले की त्याखालचा फार जुना प्रश्न वर येतो. एखादे कार्य घडण्याआधी जे जे घडले, त्यातले त्याचे कारण कोणते आणि नुसतेच आधी घडून गेलेले कोणते? माझे म्हणणे असे आहे की मोजणी आपल्याला क्रम देते, अवधी देते; कारण देत नाही. क्रिया कुठे सुरू झाली आणि कुठे संपली, हेही ती देत नाही. या गोष्टी मोजणाऱ्याने विचार करून ठरवायच्या असतात. तो विचार कसा करावा, याची फार काटेकोर चर्चा भारतीय दर्शनांत आधीच होऊन गेली आहे आणि ती इथे थेट उपयोगी पडते.

२००४ च्या अखेरीस रेड हॅटमधील ओवेन टेलर यांनी फेडोरा या लिनक्स प्रणालीवर काम करणाऱ्यांपुढे एक आव्हान ठेवले. प्रणाली सुरू होताना प्रोसेसर किती गुंतलेला असतो, डिस्क किती गुंतलेली असते, कोणता प्रोग्रॅम केव्हा चालतो, हे सगळे एकाच चित्रात दाखवता येईल का? झिगा माहकोवेच यांनी त्याला उत्तर म्हणून ‘बूटचार्ट’ लिहिले. त्याची रचना साधी आणि विलक्षण हुशारीची होती. कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, उभा राहिल्यावर जो पहिला प्रोग्रॅम चालायचा, त्या ‘इनिट’च्या जागी बूटचार्टची छोटी स्क्रिप्ट चाले आणि तीच मग खऱ्या इनिटला सुरू करी. दर ०.२ सेकंदांनी ती कर्नलने उघड केलेली आकडेवारी टिपून घेई. डिस्कवर त्या वेळी अजून लिहिता येत नसल्यामुळे नोंदी मेमरीतच साठवी. लॉगिनचा पडदा दिसू लागला की काम थांबवी. या नोंदींतून पुढे आलेख तयार होई : वरच्या भागात प्रोसेसर आणि डिस्क, खालच्या भागात प्रत्येक प्रोसेसची आडवी पट्टी, आणि कुणी कुणाला जन्म दिला ते दाखवणाऱ्या रेघा. तोवर जे अंदाजाने बोलले जाई, ते आता भिंतीवर टांगून त्यावर चर्चा करता येऊ लागली. त्या साध्या चित्राने लिनक्सच्या जगात घडवलेला बदल मला मोठा वाटतो.

मात्र अशा चित्राकडे पाहणाऱ्याची नजर आधी सर्वांत लांब पट्टीवर जाते आणि मन लगेच निवाडा देते, की विलंब हिनेच केला. २०१० साली आलेल्या सिस्टिमडी या लिनक्समधील सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तर यासाठी वेगळी आज्ञाच आहे. ‘सिस्टिमडी-अ‍ॅनालाइझ ब्लेम’ असे लिहिले की प्रत्येक सेवेला सुरू व्हायला किती वेळ लागला, त्याची उतरत्या क्रमाने यादी मिळते. त्या यादीच्या माथ्यावर अनेकदा नेटवर्क जोडले जाण्याची वाट पाहणारी सेवा बसलेली असते. तिचे कामच वाट पाहण्याचे आहे. ती थांबलेली असताना पडद्यावरचे डेस्कटॉप तिच्यावर अवलंबून नसेल, तर ते केव्हाच उभे राहिलेले असते. या आज्ञेच्या अधिकृत माहितीपत्रकातही इशारा आहे की एखादी सेवा केवळ दुसरीसाठी थांबल्यामुळे उशिरा सुरू झालेली असू शकते, त्यामुळे ही यादी दिशाभूल करू शकते.

नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, नेमकी हीच चूक ओळखली होती. कार्याच्या आधी नियमाने असते ते कारण, हे लक्षण ‘तर्कसंग्रह’ शिकणाऱ्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. पण एवढ्याने भागत नाही, कारण कार्याच्या आधी असणाऱ्या गोष्टींची गर्दी फार असते. म्हणून त्यांनी ‘अन्यथासिद्ध’ नावाची कोटी वेगळी काढली. घडा घडण्याआधी कुंभाराचा दांडा असतो, तसा त्या दांड्याचा रंगही असतो, आकाश असते, कुंभाराचा बाप होऊन गेलेला असतो, आणि माती वाहून आणणारे गाढवही दाराशी उभे असते. दांडा कारण आहे. बाकीचे हजर आहेत, पण त्यांच्याविना घडा अडत नाही. किंवा त्यांचे आधी असणे दुसऱ्याच कुणाच्या असण्याने सिद्ध झालेले आहे. विश्वनाथ पंचाननाने ‘भाषापरिच्छेदा’त अशा अन्यथासिद्धांचे पाच प्रकार सांगितले आहेत. आलेखातली लांब पट्टी ही पुष्कळदा ते दाराशी उभे असलेले गाढव असते. ठळक दिसते, वेळेवर हजर असते, आणि विलंबाशी तिचा संबंध नसतो.

मग कारण ओळखायचे कसे? अन्वय आणि व्यतिरेक पाहून, म्हणजे ते असताना कार्य होते का आणि नसताना थांबते का, हे तपासून. तंत्रज्ञ नेमके हेच करतो. ती सेवा बंद करतो, यंत्र पुन्हा सुरू करतो, पुन्हा मोजतो. इथे सूक्ष्म अडचण येते. समजा लॉगिनचा पडदा दोन सेवांवर अवलंबून आहे आणि त्या दोन्ही शेजारी शेजारी चालून प्रत्येकी चार सेकंद घेतात. पहिली काढली तर काही वाचत नाही. तिला परत ठेवून दुसरी काढली तरी काही वाचत नाही. व्यतिरेकाच्या सरळ कसोटीने दोन्ही निर्दोष ठरतात, आणि तरीही चार सेकंद गेलेले असतात. नवव्या शतकातल्या काश्मीरमध्ये जयंत भट्टाने ‘न्यायमंजरी’त ज्ञानाच्या कारणाबद्दल बोलताना सांगितले, की एखाद्या घटकाला श्रेष्ठ कारण म्हणून निवडू नका, कार्य उभे करते ती संपूर्ण सामग्री. मला वाटते, आलेख वाचणाऱ्यांना इतकी उपयोगी शिकवण दुसरी नाही. १९५७ च्या सुमारास ड्यूपाँट आणि रेमिंग्टन रँड या कंपन्यांत विकसित झालेली ‘क्रिटिकल पाथ’ची पद्धतही कामांना सुटे न धरता त्यांच्या परस्पर अवलंबनाची साखळी शोधते. सिस्टिमडीतही अशी साखळी दाखवणारी वेगळी आज्ञा आहे. ती अधिक बोलकी आहे, पण समांतर चालणाऱ्या कामांमुळे तीही फसवू शकते, असे तिच्या माहितीपत्रकात लिहिलेले आहे.

याच्या उलट बाजूला आणखी एक धोका आहे आणि त्याची चर्चा कमी होते. आलेखात जे दिसत नाही ते निर्दोष, असे आपण धरून चालतो. बूटचार्ट दर ०.२ सेकंदांनी पाहत असे. दोन पाहण्यांच्या मधे जन्मून मेलेली प्रोसेस त्याच्या हाती लागत नसे. छोट्या छोट्या शेल आज्ञांनी भरलेल्या जुन्या स्क्रिप्टांत अशा क्षणजीवी प्रोसेस शेकड्यांनी असत. सिस्टिमडीची ‘ब्लेम’ यादी तर ‘सिंपल’ प्रकारच्या सेवा दाखवतच नाही, कारण त्यांना सुरू करताक्षणी सुरू झाल्या असे मानले जाते. मोजायला अवधीच उरत नाही. अनुपलब्धीने, म्हणजे न दिसण्याने, अभाव सिद्ध होतो का, या वादात मीमांसक आणि नैयायिक एका अटीवर एकत्र येतात. ती वस्तू असती तर ती दिसलीच असती, एवढी तिची योग्यता असली पाहिजे. तरच न दिसण्याला पुरावा म्हणता येते. ०.२ सेकंदांच्या जाळीतून निसटणाऱ्या गोष्टीला ही अट लागू होत नाही. तेव्हा आलेखाच्या कोऱ्या जागेवरून काही म्हणण्याआधी जाळीची वीण पाहणे भाग आहे.

आता शेवटाकडे येऊ. सप्टेंबर २००८ मध्ये पोर्टलंडच्या लिनक्स प्लंबर्स परिषदेत इंटेलचे आर्यन व्हॅन दे व्हेन आणि आऊके कोक यांनी आसूसचा छोटा ईई-पीसी पाच सेकंदांत सुरू करून दाखवला. त्यांनी आधी अंदाजपत्रक मांडले होते : कर्नलला एक सेकंद, सुरुवातीच्या सेवांना एक, ग्राफिक्सला एक, डेस्कटॉपला दोन. पण त्याहून महत्त्वाची होती त्यांनी ठेवलेली शेवटाची व्याख्या. प्रोसेसर आणि डिस्क दोन्ही शांत झाल्या, तेव्हाच सुरू होणे संपले. पडदा लवकर दाखवून मागे काम चालू ठेवणे त्यांनी स्वतःलाच वर्ज्य केले. याउलट सिस्टिमडी जो आकडा देते तो सगळ्या सेवा हाकून दिल्या गेल्या तोवरचा. त्यांची सिद्धता पूर्ण झाली की नाही, डिस्क शांत झाली की नाही, याची हमी त्यात नाही. बूटचार्ट लॉगिनच्या पडद्यापाशी थांबे. तिन्ही आकडे प्रामाणिक असू शकतात, आणि एकाच यंत्रावर एकाच दिवशी घेऊनही ते जुळणार नाहीत. भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त क्रियेबद्दल जे म्हटले आहे ते इथे लख्ख दिसते. एकापाठोपाठ एक उगवून मावळणारे, कधीच एकत्र न भेटणारे भाग बुद्धी एका फळाभोवती गोळा करते आणि त्या गोळाबेरजेला आपण एक क्रिया म्हणतो. भाग खरे, त्यांचा क्रम खरा. त्यांचे एकपण मात्र फळ कोणते धरले त्यावर ठरते. पत्र लिहायला बसलेल्याचे फळ वेगळे, दूरच्या सर्व्हरवर वेबसाइट चालवणाऱ्याचे वेगळे. सर्व्हरवाल्याला पडद्याशी कर्तव्यच नसते.

सुरुवातीचे कोडे याहून कठीण आहे, कारण तिथे साक्षीदारच नसतो. बूटचार्टची स्क्रिप्ट जागी होण्याआधी फर्मवेअर (यंत्रातच बसवलेला प्रोग्रॅम) आणि कर्नल यांचे काम होऊन गेलेले असते. त्या काळाबद्दल आपल्याला कळते ते दोन वाटांनी. प्रोसेसरमधला एक मोजक रीसेटपासूनच आकडे वाढवत असतो, त्यावरून किती वेळ उलटला याचे अनुमान होते. आणि नव्या यंत्रांत फर्मवेअर आपल्या कामाच्या वेळा एका तक्त्यात लिहून पुढच्याच्या हाती देते. ते आप्तवाक्य, ज्याने केले त्याचीच साक्ष. म्हणजे एकाच आलेखाच्या एकाच रेषेवर डावीकडे शब्दप्रमाण आणि अनुमान, उजवीकडे नमुने घेऊन केलेले प्रत्यक्ष, अशी तीन प्रमाणे, म्हणजे ज्ञानाची साधने, शेजारी शेजारी एकाच जाडीच्या पट्ट्या होऊन बसलेली असतात. त्यांची विश्वासार्हता सारखी नाही, हे चित्रात कुठेच उमटत नाही. ते उमटायला हवे, असे मला ठामपणे वाटते. निदान निराळ्या रंगाने तरी.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की हे सर्व अनुभवी अभियंत्याला माहीतच असते, त्यासाठी न्यायशास्त्राची गरज काय? काहींना माहीत असते, हे कबूल. पण माहीत असणे आणि त्याला नाव असणे यांत फरक पडतो. नाव नसलेली जाण एका माणसाजवळ राहते. ती शिकवता येत नाही आणि तिच्या आधारे दुसऱ्याच्या निष्कर्षावर बोटही ठेवता येत नाही. शिवाय पोर्टलंडचे यश नव्या मोजमापातून आले नव्हते. मोजमाप तेच, बूटचार्टच; बदलली होती ती शेवटाची व्याख्या, आणि तिच्यापुढे लपवाछपवीचे सगळे उपाय बाद झाल्यामुळे खरे काम कमी करावे लागले.

दुसरा आक्षेप खोल आहे. नागार्जुनाने ‘मूलमध्यमककारिके’च्या दुसऱ्या प्रकरणात विचारले आहे, की जाण्याचा आरंभ सापडतो कुठे? चालून झालेल्या वाटेत तो नाही, न चाललेल्या वाटेत नाही, आणि चालणे सुरू झाल्याशिवाय ‘चालली जाणारी’ वाट अशी तिसरी मिळत नाही. मग सीमा जर आपणच आखतो, तर मोजणीही मनमानीच झाली नाही का? मी नागार्जुनाचे निम्मे म्हणणे मानतो. आरंभाची रेघ वस्तूत कोरलेली नसते. पण ती मनमानी ठरत नाही, कारण एकदा आखल्यावर वस्तुस्थिती आपल्याला धुडकावू शकते. शेवटाची खूण ‘डिस्क शांत’ अशी ठेवली आणि डिस्क सहाव्या सेकंदालाही खरखरत असली, तर पाच सेकंदांचा दावा खोटा ठरतो, दावा करणारा कुणीही असो. खोटे ठरण्याची शक्यता जिथे शिल्लक आहे, तिथे मनमानी नाही. मनमानी सुरू होते ती दोन मोजण्यांमध्ये गुपचूप रेघ सरकवल्यावर.

असे सरकवणे किती सहज होते याचे उदाहरण २०१२ च्या विंडोज ८ मध्ये आहे. त्यातली ‘फास्ट स्टार्टअप’ची सोय यंत्र बंद करताना वापरकर्त्याची सत्रे मिटवते, पण कर्नलची स्थिती डिस्कवर जपून ठेवते आणि पुढच्या वेळी ती तशीच उचलून आणते. सोय चांगली आहे आणि वेळ खरोखर वाचतो. पण या वेगाची तुलना विंडोज ७ च्या आकड्याशी केली, तर एका बाजूला आरंभ मोजला जातो आणि दुसऱ्या बाजूला अर्धवट थांबलेले काम पुढे चालू करणे. त्याच यंत्रावर ‘शट डाउन’ऐवजी ‘रीस्टार्ट’ निवडले तर कर्नल पुन्हा पहिल्यापासून उभा राहतो आणि आकडा बदलतो. यंत्र तेच, प्रणाली तीच, मोजणारे घड्याळही तेच. मोजली गेलेली क्रिया मात्र दुसरी.